दार ओढून घे : परदेशी मालिका मराठीत आणणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
परदेशी मालिकांना मराठी आवाज आणि मराठी सबटायटल्स देणारी सर्व मंडळी : अनुवादक, संवादलेखक, डबिंग दिग्दर्शक, आवाज देणारे कलाकार, आणि या कामाला किती दिवस, किती पैसे द्यायचे हे ठरवणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र दोन शब्दांसाठी लिहिते आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' या राजघराण्यांच्या आणि ड्रॅगनच्या काल्पनिक इंग्रजी मालिकेच्या सहाव्या सीझनचा पाचवा भाग, नाव 'द डोअर'. अमेरिकेत तो २२ मे २०१६ च्या रात्री लागला, आपल्याकडे २३ तारखेला, सोमवारी सकाळी. त्या सकाळी मी तो पुण्यात एकटीने पाहिला आणि त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही. पुढच्या शनिवारी वाईला जाऊन आईबरोबर पुन्हा पाहिला. त्या दुसऱ्या वेळी जे घडलं ते तुमच्या कामाचं आहे, म्हणून सांगते. (ज्यांनी हा भाग अजून पाहिला नाही त्यांनी पत्र इथेच खाली ठेवावं. खरंच ठेवावं. पुढची गोष्ट आधी कळली तर फार मोठं नुकसान आहे.)

माझ्या आईला इंग्रजी पाटीवरचं वाचता येतं, बोललेलं पकडता येत नाही. २०१२ पासून आमचा मे महिन्याचा शिरस्ता ठरलेला होता. मी लॅपटॉप घेऊन वाईला जायचं, त्या वर्षीचे भाग एकेक करून लावायचे, दर दोन वाक्यांनंतर थांबवायचं आणि काय झालं ते आईला सांगायचं. काही प्रसंग मी न सांगताच पुढे ढकलायचे, तिनेही कधी विचारलं नाही. पन्नास-पंचावन्न मिनिटांच्या भागाला आम्हाला दीड-पावणेदोन तास लागायचे. तिची माणसं ठरलेली होती. टिरियन आवडता. सर्सी नावडती, पण "पोरांवर जीव आहे हो तिचा" हे ती प्रत्येक वेळी म्हणायची. आणि लाडका होता होडोर. हा जवळजवळ सात फुटी माणूस, पाय गेलेल्या ब्रॅन नावाच्या मुलाला पाठीवर घेऊन फिरणारा, मालिकेत एकच शब्द बोलतो : स्वतःचं नाव. सुखात होडोर, भीतीत होडोर, कुणी काही विचारलं तरी होडोर. आईचा तो लाडका का, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. त्याच्यासाठी तिला माझी गरज लागायची नाही. अख्ख्या मालिकेत हा एकटा असा होता, ज्याचं बोलणं तिला माझ्याइतकंच कळायचं.

तर तो शनिवार. माजघरात चिंचा फोडायचं काम चाललं होतं. खाली वर्तमानपत्र, समोर परात, आईच्या हातात बत्ता. चिंचोके एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला, शिरा-दोरे पायाशी. लॅपटॉप पाटावर. भागाच्या शेवटाकडे आम्ही आलो. उत्तरेतल्या त्या गुहेत, पांढऱ्या झाडाच्या मुळांखाली, ब्रॅन डोळे पांढरे करून भूतकाळात गेलेला आहे. आपल्या वडिलांच्या लहानपणीच्या वाड्यात, विंटरफेलच्या अंगणात तो उभा आहे. त्याच अंगणात तबेल्यातलं काम करणारं एक दांडगं पोरगं आहे, वायलिस. हा वायलिस म्हणजे लहानपणीचा होडोर, हे आपल्याला याच सीझनच्या दुसऱ्या भागात कळलेलं असतं, आणि तेव्हा तो चांगला बोलत असतो, हेही. मग हा असा एका शब्दाचा कधी आणि कशाने झाला? हा प्रश्न तीन आठवडे मनात घेऊन आपण बसलेलो असतो.

इकडे गुहेत चालती मढी शिरतात. ब्रॅनचा लांडगा मरतो. रानातली ती चिमुकली माणसं एकेक करून मरतात. त्यांच्या सोबतची मुलगी मीरा गदागदा हलवून ब्रॅनला सांगते, की आम्हाला होडोर हवाय. ब्रॅन भूतकाळात उभा राहूनच होडोरच्या शरीरात शिरतो. मग त्या भुयारातली धावाधाव, आणि शेवटी एक जुनं, जड दार. ते उघडून तिघं बाहेर पडतात, होडोर ते लावतो आणि पाठ टेकून उभा राहतो. मीरा बर्फाच्या वादळात ब्रॅनची घसरगाडी ओढत पुढे निघते आणि मागे वळून जिवाच्या आकांताने ओरडते, "होल्ड द डोअर!" ती हाक वर्तमानातून भूतकाळात पोचते. अंगणातला वायलिस धाडकन खाली कोसळतो, डोळे पांढरे, अंगाला झटके, आणि तेच वाक्य तो घोकायला लागतो.

इथे मी नेहमीसारखं थांबवलं नाही. तिथे थांबवणं कुणालाही शक्य नाही. आईने नजर न हलवता विचारलं, "काय म्हणते गं ती?"

माझ्या तोंडून गेलं, "दार ओढ म्हणतेय. ओढ दार, ओढ दार!"

पडद्यावरच्या पोराचे शब्द तोवर एकमेकांत मिसळायला लागले होते. अक्षरं गळत होती. बत्ता आईच्या हातात अधांतरी राहिला. ती ओठातल्या ओठात माझेच शब्द म्हणत होती, ओढ दार, ओढदार, ओढ्दार... आणि मग म्हणाली, "होडोर. अगं, म्हणजे त्याचं नाव..." चिंचेने माखलेला हात तिने तसाच तोंडावर धरला.

तिला ते मी समजावून सांगितलं नाही. तिचं तिला कळलं, आणि इंग्रजी समजणाऱ्या जगभरच्या प्रेक्षकांना ज्या क्षणी कळलं अगदी त्याच क्षणी. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या कळण्यात आणि माझ्या कळण्यात मिनिटाचंही अंतर पडलं नाही.

त्या दिवसापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत, आणि मला ते तुमच्या हाती सोपवायचे आहेत.

हे काम किती अवघड आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. होडोर हे नाव पहिल्याच सीझनमध्ये, २०११ मध्ये आलं. त्याचा उलगडा पाच वर्षांनी, पंचावन्नाव्या भागात. ही कल्पना मूळ लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी मालिकाकर्त्यांना आधी सांगून ठेवली होती, हे डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी नंतर सांगितलं. पण जगभरच्या अनुवादकांना ते कोण सांगणार? त्यांनी पाच वर्षं बिनधास्त 'होडोर' लिहिलं, आणि एके दिवशी समोर असं वाक्य आलं, जे आपल्या भाषेत झिजून झिजून नेमकं 'होडोर' व्हायला हवं. फ्रेंचमध्ये दार म्हणजे 'पोर्त', स्पॅनिशमध्ये 'पुएर्ता'. त्यांचा शब्दच त्यांना साथ देत नाही.

आपला देतो. मराठी 'दार', संस्कृत 'द्वार', फारसी 'दर', जर्मन 'टोर' आणि इंग्रजी 'डोअर' हे सगळे एकाच मुळाचे फुटवे आहेत. हजारो वर्षांपूर्वीचं ते नातं इथे उपयोगाला येतं. होडोरचा अर्धा भाग मराठीत आयताच बसलेला आहे. प्रश्न उरतो पहिल्या अर्ध्याचा.

मी वहीत सगळे पर्याय लिहून, मोठ्याने ओरडून पाहिले आहेत. 'दार धर' हे शब्दशः बरोबर, पण दहा वेळा भराभर म्हणा, 'दाद्धर' होतं. होडोर होत नाही. 'दार अडव' अर्थाला चोख आहे, नादाला नाही, आणि उलटं करून 'अडव दार' म्हटलं तर जवळ येतं, पण तो 'व' मध्ये आडवा येतो. 'दार रोख' हिंदीच्या दारातून आलेलं. 'द्वार धरून ठेवा' असं कुणी लिहिलं तर मात्र मला फार दुःख होईल, कारण मरणाच्या दारात उभी असलेली पोरगी 'द्वार' म्हणत नाही आणि होडोरला 'ठेवा' म्हणत नाही. इंग्रजी वाक्य तसंच ठेवून खाली कंसात अर्थ देणं ही सरळ शरणागती झाली.

'ओढ दार' मात्र स्वतःहून झिजतं. 'ढ' मधला 'ह' उडी मारून शब्दाच्या सुरुवातीला जातो, 'ओढ'चं 'होड' होतं. हे आपल्या भाषेला नवीन नाही. 'महिषी'ची 'म्हैस' झाली तेव्हा 'ह' असाच शब्दाच्या सुरुवातीकडे सरकला होता, 'भगिनी'ची 'बहीण' झाली तेव्हाही 'भ'ने आपला 'ह' सोडून दिला आणि तो पुढच्या अक्षरावर जाऊन बसला. मराठी तोंडाला ही सवय शतकांची आहे. मग शेजारच्या 'ड'मुळे 'दार'चा 'द' जड होतो आणि 'ड' होतो. झटके येत असलेल्या पोराच्या तोंडात 'आ' आक्रसतो आणि 'ओ'कडे झुकतो. ओढ दार, ओढ्दार, होड्डार, होडोर. यात कुठेही ओढाताण केलेली नाही. आणि डबिंगवाल्यांसाठी आणखी एक : मीराचं तोंड 'होल्ड'साठी ज्या गोल आकारात उघडतं त्याच आकारात 'ओढ'साठी उघडतं. ओठ मिटणारं एकही अक्षर दोन्हीकडे नाही. तुमच्यापैकी जो कुणी काचेच्या खोलीत हेडफोन लावून उभा राहणार आहे, त्याला याची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळेल.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. होडोर दार ओढत नाही, पाठीने दाबून धरतो. 'ओढ'मध्ये दिशा उलटी झाली.

त्याचं उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. "जाताना दार ओढून घे." हे वाक्य तुम्ही आयुष्यात किती वेळा ऐकलं आहे? आई म्हणते, आजी म्हणते, वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलाला बाई म्हणतात. त्या वाक्यात दिशा कुणी ऐकत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तू बाहेर पड आणि मागे दार बंद राहील असं बघ. होडोरने केलं ते हेच. तो बाहेर पडला आणि मागे दार बंद राहील असं त्याने बघितलं. 'धर'मध्ये जो टिकाव आहे तो 'ओढ'मध्ये थोडा कमी पडतो, हे मी मान्य करते. पण मीरा एकदा ओरडत नाही, पुन्हा पुन्हा ओरडते, आणि ती जी उणीव आहे ती त्या पुन्हापुन्हाने भरून निघते. शिवाय 'ओढ'ला मराठीत दुसराही अर्थ आहे, घराची ओढ असते तशी. हल्ला व्हायच्या जरा आधी मीरा होडोरशी घरी गेल्यावर काय काय खायचं याच्या गप्पा मारत सामान आवरत असते. तो प्रसंग डोळ्यासमोर असताना 'ओढ' हा शब्द ऐकला की पोटात कालवतं.

आणि दार कुठलं ते आईने लगेच ओळखलं होतं. तिचं बालपण वाड्यात गेलं. मोठ्या दाराला आतून अडसर होता, भिंतीतल्या भोकात सरकणारा, सागवानी, एकट्या माणसाला न हलणारा. रात्री तिचे काका तो लावायचे. भाग संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "अडसर नव्हता गं त्या दाराला. म्हणून तो झाला." मी आजवर या भागावर जे काही वाचलं-ऐकलं आहे त्यात याहून नेमकं मला काही सापडलेलं नाही.

पाठोपाठ ती म्हणाली, "बाजीप्रभूच की!" तुमच्यातल्या संवादलेखकाच्याही मनात हे येणारच, म्हणून आत्ताच हात जोडून सांगते : तिकडे जाऊ नका. मराठी माणसाला दार रोखून उभा राहिलेला माणूस दिसला की घोडखिंड आठवते, १६६० चा तो जुलै आठवतो, आणि 'खिंड लढव' हा वाक्प्रचार आपसूक जिभेवर येतो. पण बाजीप्रभूंनी ते स्वतः ठरवलं होतं. आपण कुणासाठी उभे आहोत, किती वेळ उभं राहायचं आहे, विशाळगडावरून तोफा ऐकू येईपर्यंत म्हणजे काय, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. वायलिसला काय ठाऊक होतं? तो अंगणात उभा होता. न जन्मलेल्या एका मुलाने दूरच्या काळातून त्याच्या डोक्यात हात घातला आणि त्याच्या आयुष्याचं शेवटचं मिनिट त्याच्या बालपणात ओतलं. पुढचं सगळं आयुष्य तो एकच आज्ञा घोकत जगला, तिचा अर्थ न कळता. ज्या घरासाठी मरायचं त्याच घराच्या तबेल्यात. त्याला कुणी विचारलं नाही. आपल्याकडे परकायाप्रवेश हा शब्द जुना आहे, शंकराचार्यांच्या गोष्टीतला, पण त्या गोष्टीत शिरायला राजाचं रिकामं शरीर असतं. इथलं शरीर रिकामं नव्हतं. त्यात एक भेदरलेला माणूस बसलेला होता.

मला ब्रॅनचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. मालिकेने पुढे त्याला कुठवर नेलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण या एका गोष्टीचा हिशोब त्याच्याकडे कुणी धड मागितला नाही, ही माझी मालिकाकर्त्यांवरची जुनी तक्रार आहे. म्हणूनच मीराच्या तोंडी वीरश्रीचं वाक्य नको. तिथे साधं, घरगुती, रोजचंच वाक्य हवं, घरातल्या थोरांनी पोरांना सांगायचं असतं तसं. 'दार ओढ' हे तसं आहे. त्याच्या साधेपणामुळेच ते इतकं लागतं. दिग्दर्शक जॅक बेंडर यांनीही तो प्रसंग तसाच ठेवला आहे. तलवारबाजी भुयारात संपते, शेवटी उरतं एक दार, एक माणूस, आणि फळ्यांतून बाहेर येणारे हात. क्रिस्टियन नेर्न या नटाने सगळी वर्षं एका शब्दावर काढली, आणि त्या शेवटच्या क्षणी त्याच्याकडे तोही शब्द नाही. नुसते डोळे.

याच भागात तुमच्यासाठी आणखीही दोन-तीन जागा आहेत, त्या भराभर सांगते. ब्रावोस शहरात ब्रॅनची बहीण आर्या एक नाटक बघते. गावोगाव फिरणारी मंडळी, यमक जुळवून बोलणारी, राजेरजवाड्यांची टर उडवणारी, आणि त्यात तिच्या मेलेल्या वडिलांना मूर्ख ठरवून लोकांना हसवलं जातं. प्रेक्षक हसत असतात आणि आर्याचा चेहरा पडत जातो. हे इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून करू नका. आपल्याकडे वगाची भाषा आहे, तिच्यात हेच सगळं शतकभर चालत आलेलं आहे. एखाद्या वग लिहिणाऱ्या माणसाकडून ती पाच मिनिटं लिहून घ्या. दुसरी जागा जोराहची, डेनेरिस राणीच्या जुन्या सरदाराची. तो डेनेरिसला आपला आजार दाखवतो, तुमच्यावर माझं प्रेम आहे म्हणतो आणि निघायला पाठ फिरवतो. इंग्रजीत सगळं 'यू'मध्ये उरकतं. मराठीत त्याने आयुष्यभर तिला 'तुम्ही' म्हटलेलं असणार, आणि माझं मत असं, की प्रेमाची कबुली देतानाही त्याने 'तू'वर येऊ नये. 'तुमच्यावर' या एका रूपात तो माणूस पुरा येतो. आणि ब्रॅनच्या स्वप्नांत येणारा तीन डोळ्यांचा तो पक्षी. त्याला 'कावळा' न म्हणता डोमकावळा म्हणा. ज्या भाषेत पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघतात, त्या भाषेला मेलेल्यांशी बोलणाऱ्या पक्ष्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

सगळंच इतकं सोपं आहे असं मी म्हणत नाही. 'विंटर इज कमिंग' हे ब्रॅनच्या स्टार्क घराण्याचं ब्रीद घ्या. 'हिवाळा येतोय' म्हटलं की आपल्याला हुरडा आठवतो, डिंकाचे लाडू आठवतात. आपला हिवाळा चांगला ऋतू आहे, भीती आपल्याला दुष्काळाची. त्याचं काय करायचं यावर मी वर्षानुवर्षं विचार केला आणि मला उत्तर मिळालेलं नाही. तुम्हाला मिळालं तर मला आनंद होईल.

आता मूळ विनंती.

गेल्या काही वर्षांत मराठी आवाजात लागणाऱ्या गोष्टी वाढल्या आहेत, टीव्हीवर दाक्षिणात्य सिनेमे मराठीतून लागतात, आणि आई ते आवडीने बघते. मी शेजारी बसून ऐकते तेव्हा कळतं, की कित्येक वाक्यांच्या खाली हिंदी वाक्य आहे आणि त्याच्याही खाली कुठेतरी मूळ वाक्य आहे. "माझी मदत कर," असं एक पात्र ओरडतं. मराठीत आपण 'मला मदत कर' म्हणतो. झाडावरून पडलेल्या पोराला आई विचारते, "तू ठीक आहेस?" कुठली आई असं विचारते? 'लागलं का रे?' हे तीन शब्द तेवढ्याच वेळात बसतात. "मी हे करू शकत नाही" याच्या जागी 'नाही जमायचं मला'. "तुझा अर्थ काय आहे?" याच्या जागी नुसतं 'म्हणजे?' ही वाक्यं लिहिणाऱ्यांना मराठी येत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना हिंदी संहिता हातात दिली जाते, चित्र दाखवलं जात नाही, आणि परवापर्यंत पाहिजे म्हणून सांगितलं जातं, असं ती वाक्यं स्वतःच सांगतात. दिवस मोजून देणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा.

'होडोर'सारखी जागा हिंदीतून मराठीत येऊच शकत नाही. हिंदीचा 'दरवाज़ा' आणि मराठीचं 'दार' यांच्या वाटा तिथे वेगळ्या होतात. मूळ भाषा कळणारा आणि घरात मराठी बोलणारा माणूस त्या कामावर बसवा. त्याला पहिलं वाक्य लिहायच्या आधी सगळे ७३ भाग बघू द्या, त्याचे पैसे द्या. २०११ मध्ये काम करणाऱ्यांना शेवट माहीत नव्हता, आपल्याला माहीत आहे. उशिरा येणाऱ्याच्या पदरात पडणारा हा एकमेव फायदा आहे, तो तरी वाया घालवू नका. पहिल्या सीझनपासून जिथे जिथे कुणी कुणाला दार लावायला सांगतं तिथे तिथे 'दार ओढून घे' असं सहज पेरता येईल. कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि पंचावन्नाव्या भागात ते सगळं एकदम उगवेल. होडोरच्या आवाजाला मात्र हात लावू नका, तो नेर्नचाच राहू द्या, वायलिसचा आवाज तेवढा मराठी पोराचा घ्या. आणि भागाच्या शेवटी अनुवादकाचं नाव येऊ द्या, वाचता येईल इतका वेळ.

२०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा मराठी सांगितली. त्यातल्या किती जणांना ड्रॅगनची गोष्ट बघायची आहे हे मी कसं सांगू? एकीला बघायची आहे एवढं नक्की. आई आता ७४ वर्षांची आहे. मी परगावी असते, मे महिन्यात आता पूर्वीसारखं महिनाभर जाणं होत नाही. तिच्याकडे मोठा टीव्ही आहे, रिमोट तिला व्यवस्थित चालवता येतो, रोजचं वर्तमानपत्र ती अथपासून इतिपर्यंत वाचते, म्हणजे सबटायटल्सही वाचेल. मागच्या दिवाळीत तिने मला विचारलं, "ते होडोरचं पहिल्यापासून पुन्हा बघायचंय मला. पण तू नसताना कसं बघू?"

त्या शेवटच्या सहा-सात मिनिटांचा मराठी मसुदा मी करून ठेवला आहे, वेळेच्या नोंदींसह, सबटायटल्ससाठी वेगळा आणि डबिंगसाठी वेगळा. तुमच्यापैकी जो कुणी हे काम हाती घेईल त्याने तो खुशाल वापरावा, बदलावा, माझं नाव नको आणि मोबदलाही नको. 'ओढ दार'पेक्षा सरस काही सुचलं तर तेच ठेवा. एकदा कुणापुढे तरी मोठ्याने, भराभर, वीस वेळा म्हणून बघा आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा.

आपली नम्र,
वाईची एक प्रेक्षक